भेंडीच्या पाण्यातला थेंब

पहिल्या वहीत चौऱ्याऐंशी थेंब होते आणि दुसऱ्या वहीतही चौऱ्याऐंशी. टेबलावर त्याखेरीज चौकोनी काचेची टाकी एक, तिच्या एका अंगाला साठ वॉटचा दिवा, दुसऱ्या अंगाला ताणून चिकटवलेला आलेख-कागद, एरंडेलाची अर्धी बाटली, टोकं वाकवलेल्या सुया तीन, स्टॉपवॉच एक, आणि दोन खोक्यांत मिळून छिद्रं पाडलेली कार्डं एक हजार एकशे बासष्ट. कार्डं शमशुद्दीननं स्वतः मोजली होती. मागं पुण्याच्या एसटीत एक खोकं उपडं झालं होतं आणि तीन कार्डं सीटखाली राहून गेली होती. तेव्हापासून खोकी जाताना तो मोजायचा, आणि परत आल्यावरही मोजायचा.

सरनाईक सर दोन्ही वह्या शेजारी ठेवून आकड्यांवरून बोट फिरवत होते. समोर बाळासो देसाई उभा होता. प्रबंध त्याचा होता. दाराजवळ शमशुद्दीन उभा होता. सगळा विभाग त्याला मामा म्हणायचा.

"मार्चमध्ये लांबी भागिले रुंदी एक पॉइंट एकतीस," सर म्हणाले. "जुलैत एक पॉइंट शून्य तीन. तेल तेच, टाकी तीच, पाण्याचा दाटपणा तोच. मग बदललं काय?"



शमशुद्दीन अत्तार आधी कॉलेजात आणि मग विद्यापीठात, अशी मिळून चौतीस वर्षं प्रयोगशाळेत होता. परिचर म्हणून लागला आणि परिचर म्हणूनच एकतीस ऑगस्टला सुटणार होता. काच धुणं, काच तापवून वाकवणं, तराजू जमिनीला समांतर आणणं ही त्याची कामं. वाचन हे खरं तर त्याचं काम नव्हतं. पण एकदा, फार वर्षांपूर्वी, एका विद्यार्थ्यानं तापमापक वाचला आणि मागून शमशुद्दीन हळूच म्हणाला, "दोन दशांश कमी." पुन्हा बघितलं तर खरंच दोन दशांश कमी होतं. त्यानंतर बारीक वाचन आलं की कुणीतरी मामांना हाक मारायचं.

बाळासो गारगोटीकडचा. वडलांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस उकळताना त्यात रानभेंडीची ताटं कुटून काढलेलं बुळबुळीत पाणी घालतात. रसातली घाण त्या पाण्याला धरून वर येते आणि गूळ स्वच्छ उतरतो. बाळासोनं लहानपणापासून ते पाणी पाहिलं होतं. एम.एस्सी. झाल्यावर त्याच्या डोक्यात आलं, की या पाण्यात तेलाचा थेंब सोडला तर तो कसा वागेल? साध्या पाण्यातला थेंब कसा वागतो ते पुस्तकात होतं. भेंडीच्या पाण्यातल्या थेंबाबद्दल त्याला कुठंच काही सापडलं नाही.

त्यानं शमशुद्दीनला ते समजावून सांगितलं होतं, एका दुपारी, टाकी धुता धुता.

"मामा, ह्ये नुसतं दाट पाणी न्हाय. ताणलं की त्यो ताण थोडा येळ धरून ठेवतंय, आन् मग सोडतंय. आठवण असती ह्या पाण्याला."

"किती येळ धरतंय?"

"पाऊण सेकंद धरा."

"मग बरंच म्हणायचं की. आमच्या घरात निकाहच्या जेवणात मीठ कमी पडलंतं, ते अजून धरून ठेवल्यालं हाय."

मोजायची रीत शमशुद्दीननंच काढली. टाकीच्या तळाशी वाकडी सुई लावायची, तिच्या तोंडातून एरंडेलाचा थेंब सोडायचा. एरंडेल पाण्याहून हलकं, त्यामुळं थेंब वर चढतो, पण भेंडीच्या पाण्यात इतका सावकाश, की एक सेंटिमीटर चढायला अडीच सेकंद घेतो. मागून दिवा लावला की थेंबाची सावली समोरच्या आलेख-कागदावर पडते. ती लाल रेघेपाशी आली, की लांबी आणि रुंदी वाचायची. कॅमेरा नाही, काही नाही. डोळा आणि कागदावरच्या चौकटी.

मार्चमध्ये चौथ्याच थेंबाला तो म्हणाला होता, "बाळासो, ह्याला शेपूट येतंय." बाळासो वाकून बघायला लागेपर्यंत थेंब वर गेला होता. मग पाचवा, मग सहावा. वरून गोल आणि खालून निमुळता होत गेलेला, लसणाची पाकळी उलटी धरावी तसा.

बाळासोनं तीच गोष्ट गणितात मांडली. यंत्राच्या आत जणू दुसरी टाकी बांधली, तिचे बारीक बारीक चौकोन पाडले, आणि प्रत्येक चौकोनातल्या पाण्याचा वेग किती, दाब किती, आणि मागचा ताण अजून किती शिल्लक आहे, हे क्षणाक्षणाला मोजायला लावलं. मधोमध तेलाचा थेंब. हे सगळं कार्डांवर उतरवायचं, खोकी एसटीनं पुण्याच्या संगणक केंद्रात न्यायची आणि आठ दिवस वाट पाहायची. एक छिद्र चुकलं तर आठ दिवसांनी एका ओळीचा कागद परत यायचा. असे चार वेळा एका ओळीचे कागद आले. पाचव्या वेळी, मे महिन्यात, घड्या घातलेला लांबलचक कागद आला. त्यावर फुल्याफुल्यांनी थेंब काढलेला होता. खाली फुल्या कमी कमी होत गेल्या होत्या आणि शेवटच्या ओळीत एकच फुली होती. एक पॉइंट एकोणतीस. शमशुद्दीननं तो कागद खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला होता.

पण सरनाईक सरांचं म्हणणं वेगळं होतं, आणि त्यात खोट काढता येत नव्हती.

"पाऊण सेकंद हा आकडा तू कुठून आणलास, बाळासो? मामांच्या थेंबावरूनच उलटा काढलास. म्हणजे यंत्रानं मामांच्या बाजूनं साक्ष दिलेली नाही. मामा जे बोलले तेच तुला परत ऐकवलं. म्हणून तर मी मोजमाप पुन्हा करायला लावलं, आणि मी स्वतः इथं बसलो. माझ्यासमोर शेपूट आलं नाही."

बाळासोनं मान खाली घातली. सर चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं, असं शमशुद्दीनला वाटून गेलं.

"मार्चच्या नोंदी वगळू," सर म्हणाले. "समीकरणातून आठवणीचा भाग काढ. साधा दाट द्रव धर. प्रबंध लहान होईल, पण खोटा होणार नाही." मग ते दाराकडे वळले आणि आवाज मऊ करून म्हणाले, "मामा, डोळे दाखवून घ्या. साठीला आलं की होतं असं. तुमच्या वर्षाच्या मुदतवाढीचा कागद मी तयार ठेवलाय, सोमवारी वर पाठवतो. बसून करायचं काम देऊ. काळजी करू नका."

शमशुद्दीन "व्हय सर" म्हणाला.

विद्यापीठाच्या टेकडीवरून सदर बाजाराकडे सायकलनं उतरताना तो डोळे तपासत होता. डाव्या डोळ्यात पडदा येऊ लागला होता, हे त्याला ठाऊक होतं. वाचताना तो डावा मिटूनच घेत असे. उजव्या डोळ्यानं त्यानं बसचा नंबर वाचला, चक्कीची पाटी वाचली, सायकल दुरुस्तीवाल्याची वाचली. मग त्याच्या ध्यानात आलं, की या पाट्या तो रोज वाचतो. डोळ्यानं वाचल्या की पाठ आहेत म्हणून वाचल्या, कसं सांगायचं? एका भिंतीवर कुस्तीच्या मैदानाचं नवं पत्रक चिकटवलेलं दिसलं. तो रस्त्याच्या पलीकडेच थांबला आणि तळाची सगळ्यात बारीक ओळ वाचली. छापखान्याचं नाव होतं. रस्ता ओलांडून जवळ जाऊन पाहिलं. नाव बरोबर होतं.

पण त्यानं मन निवलं नाही. मार्चमध्ये शेपूट याच डोळ्यानं दिसलं होतं आणि जुलैत दिसलं नाही तेही याच डोळ्यानं. दोन्ही वह्यांत त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं होतं. मग दोनांपैकी कुठल्या वेळी तो चुकला?

घरी बिबीजान अंगणातल्या दगडावर बसून कपडे धूत होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. दोघं दखनी आणि मराठी मिसळून बोलत, आणि रागाचं बोलणं तेवढं निव्वळ मराठीत असे.

"त्ये तुमचं फडकं टाकून द्या," ती मराठीत म्हणाली. "चार पाण्यातनं काढलं, राख लावली. बुळबुळ काय जाईना झालीया. माझी चांगली मलमलची ओढणी होती ती. जुनी झाली म्हून काय झालं?"

शमशुद्दीन सायकल भिंतीला लावत होता. तो तसाच थांबला.

पावसाळ्यात कोल्हापुरात नळाला लाल पाणी येतं. जुलै लागला की घरोघर नळाच्या तोंडाला फडकं बांधतात. प्यायचं पाणी तर दोन-दोनदा गाळतात. ताटं कुटायला प्रयोगशाळेत दगड नव्हता, म्हणून ते काम तो घरीच उखळात करायचा आणि पाणी दोन झाकणाच्या किटल्यांतून सायकलवर न्यायचा. मार्चमध्ये नळाचं पाणी निर्मळ होतं. ताटं कुटून, पाण्यात चोळून, ते पाणी रात्रभर निवळू दिलं आणि वरचं पाणी अलगद ओतून नेलं. जुलैत पाणी गढूळ आलं. सर स्वतः बसणार, सावलीत कचरा दिसायला नको, म्हणून त्यानं ओढणीची चौपदरी घडी करून ते तीनदा गाळलं आणि शेवटी पिळून घेतलं. दाटपणा कमी भरला, तेव्हा पावसाळ्यातली ताटं पाणचट असतील असं समजून त्यानं थोडी जास्त कुटली आणि दाटपणा मार्चइतका आणला. गाळल्याचं वहीत लिहिलं नव्हतं. लिहायचं असतं हे मनातच आलं नाही. जेवणाआधी हात धुतल्याचं कोण लिहून ठेवतं?

तो दगडापाशी आला. ओलं फडकं त्यानं दोन बोटांत धरलं, दाबलं, आणि बोटं हळूहळू लांब केली. दोन बोटांच्या मधे एक तार आली. उतरत्या उन्हात ती केसाएवढी बारीक दिसत होती. वीतभर लांब झाली तरी तुटली नाही.

"काय झालं ओ?" बिबीजाननं विचारलं.

"काय न्हाय. ह्ये धू नकोस आता."

त्या संध्याकाळी तो ओट्यावर बसून राहिला. दाटपणा पाण्यात उरला होता आणि आठवण फडक्यात अडकून राहिली होती, एवढं त्याला कळलं. मार्चमधली नजर खोटी नव्हती. जुलैतली पण नव्हती. चुकलं होतं ते पाणी, आणि ते त्यानं चुकवलं होतं.

सरांचा एक नियम होता, आणि तो सगळ्या विभागाला माहीत होता: या खोलीत हातानं जे होतं ते वहीत येतं. आठ वर्षांपूर्वी गुंडू नावाच्या परिचरानं फुटलेला तापमापक न सांगता बदलला. नवा तापमापक चांगला होता, नुकसान काही झालं नाही. तरी दुसऱ्या दिवशी गुंडूची बदली ग्रंथालयाच्या गोदामात झाली आणि तो परत आला नाही. सर तेव्हाही चिडले नव्हते.

गप्प बसलं तर काहीच होणार नव्हतं. सोमवारी कागद वर जाईल. मार्चचे चौऱ्याऐंशी थेंब वगळले जातील, आणि का वगळले हे कुणी मोठ्यानं म्हणणारही नाही. बिबीजानला त्यानं मुदतवाढीचं आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं शेजारी सांगितलं होतं.

सकाळी तो आधी बाळासोला भेटला, विभागाच्या मागच्या जिन्यात, आणि फडकं त्याच्या हातात दिलं. बाळासोनं बोटांनी तार काढली. एकदा, दोनदा. तो गुऱ्हाळातला पोरगा होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. 

"मामा, मी गाळलं म्हणतो," तो म्हणाला. "मला काय करत्यात? बोलतील, आन् सोडतील. तुमचा कागद हाय वर जायचा."

"फडकं माझ्या घरातलं हाय."

"त्ये कुणाला म्हाईत हाय?"

"मला हाय की." शमशुद्दीननं फडकं परत घेऊन घडी घातली. "बाळासो, तुमचं गणित खरं हाय का न्हाय, ह्ये त्या पाण्यावर ठरणार. आन् पाणी कसं केलं ह्याबद्दलच तुमी खोटं बोलणार. मग राहिलं काय?"



सरांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही. शमशुद्दीननं क्रमानं सांगितलं: ताटं किती, पाणी किती, फडकं कसलं, घडी किती पदरी, गाळलं किती वेळा, पिळलं किती वेळा. शेवटी म्हणाला, "वहीत न्हाय लिवलं सर. ध्यानातच आलं न्हाय."

"चौतीस वर्षांत?" सर म्हणाले.



सरांनी खण उघडला. मुदतवाढीचा टंकलेला कागद वरच होता, खाली सही केलेली. ती सही त्यांनी काही वेळ पाहिली. मग कागद पालथा करून खणाच्या तळाशी ठेवला आणि किल्ली फिरवली.

"हे आता मला पाठवता येणार नाही, मामा."

"व्हय सर."

"तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं."

"व्हय सर."

खिडकीबाहेर माळी गवत कापत होता, त्याच्या विळ्याचा आवाज येत होता. सरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही तो लगेच घातला नाही. बाळासो काही बोलायला पुढं झाला, तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मापन पुन्हा करावं लागेल," ते म्हणाले. "दोन्ही पाण्यांचं, एकाच दिवशी. वाचायचं मामांनीच. पण कुठलं पाणी कुठलं, हे त्यांना कळता कामा नये."

गारगोटीहून बाळासोच्या वडलांनी एसटीच्या टपावर ताटांचा भारा पाठवला. शनिवारी सकाळी दगडी उखळ प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर आणलं. सरनाईक सर बाह्या दुमडून उभे राहिले आणि बाळासोनं ताटं कुटली. शमशुद्दीनला बाहेरच्या बोळात स्टुलावर बसवलं होतं. आतून मुसळाचे घाव ऐकू येत होते. एका पाण्याला जास्त ताटं लागताहेत, हे त्याला घावांवरून कळलं, पण ते पाणी टाकीत आधी येणार की नंतर, ते कळलं नाही. चौतीस वर्षांत तो या दाराच्या बाहेर कधी बसला नव्हता. आत कुणी काय करतंय हे न बघता बसणं त्याला जड गेलं. मांडीवर हात ठेवून तो बसला होता. समोरून जाणारे विद्यार्थी, मामा बाहेर कसे, म्हणून वळून बघत होते. एकानं विचारलंही. "काम चाललंय आत," तो म्हणाला.

दोन तासांनी त्याला आत बोलावलं. सारख्याच दोन बादल्या, त्यांवर सारखी झाकणं, खडूनं क आणि ख. दोन्ही पाणी नळाऐवजी विभागातल्या ऊर्ध्वपातित पाण्यात करून निवळून घेतली होती, म्हणून दिसायलाही सारखी होती. दोन्हींचा दाटपणा काचेच्या नळीतून मोजून एकसारखा केला होता. कुठलं अक्षर कुठल्या पाण्याचं, हे लिहिलेली चिठ्ठी सरांनी पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं.

टाकीत क ओतलं. बाळासोनं पडदे ओढून घेतले. शमशुद्दीन कागदासमोर बसला, डावा डोळा तळहातानं झाकला. दरवेळी तो वाचायचा आणि लिहायचं विद्यार्थ्यानं. आज बाळासो सुईपाशी होता. शमशुद्दीननं इकडेतिकडे पाहिलं. सरांनी वही पुढं ओढली आणि पेन्सिल हातात घेतली.

"वाचा मामा," ते म्हणाले. "मी लिहितो."

तो वाचत गेला. लांबी, रुंदी. लांबी, रुंदी. आवाज वर नाही, खाली नाही. वीस थेंब झाल्यावर टाकी रिकामी केली, दोनदा धुतली, पुसली आणि ख ओतलं. त्याच सुईनं, त्याच बाटलीतल्या तेलानं. तिसऱ्या थेंबाला पेन्सिल क्षणभर थांबली. शमशुद्दीननं मान वळवली नाही. पुढचा थेंब सुईच्या तोंडाशी फुगत होता. त्यानं वाचत राहायचं होतं, तो वाचत राहिला. वीस झाले तेव्हा त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, सतत बघितल्यानं यायचं तसं. त्यानं ते बाहीनं टिपलं आणि दिवा बंद केला.

सरांनी भागाकार स्वतः केले. पुन्हा एकदा करून पाहिले. मग पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली आणि वहीत खाली नोंद केली:

३० जुलै १९८३. वाचन : शमशुद्दीन अत्तार. क, तीनदा गाळलेलं : थेंब वीस, सरासरी १.०३. ख, न गाळलेलं : थेंब वीस, सरासरी १.३०.